नाडी ७२, झोप शांत

१६ डिसेंबर, मंगळवार

पोचले एकदाची कुंभकोणम्‌ला! मिरजेहून निघाल्यापासून तीन गाड्या, दोन रात्री आणि मोजायच्या पलीकडे गेलेल्या इडल्या. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला माझं हिंदी कळेना, मला त्याचं तमिळ कळेना. शेवटी पत्त्याचा कागद त्याच्या नाकासमोर धरला, तेव्हा तो हसला आणि सगळ्या गावाला वळसा घालून मला दारासुरम्‌च्या रस्त्याला घेऊन आला. वाटेत घराघरांतून मागांची खटखट ऐकू येत होती. एकसष्टाव्या वर्षी असं एकटीनं निघायचं म्हणजे वेडेपणा, असं बहीण म्हणाली होती. मला तर शाळेच्या सहलीला आल्यासारखं वाटतंय.

विजयलक्ष्मीबाई दारातच उभ्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, सडपातळ, नाकात दोन्हीकडे चमक्या. मला म्हणाल्या, "या, बैसा. कॉफी आधीं कीं स्नान आधीं?" मी बघतच राहिले. तंजावरच्या राजांबरोबर हे लोक इथे आले ते अजून त्याच काळातलं मराठी बोलतात, वर तमिळचा हेल. माझं मराठी त्यांना फार घाईचं वाटतं म्हणे. मग माझ्या खांद्यामागे बघत त्यांनी विचारलं की एकटीच कशी आलीस, दोघं येताहेत असं वाटलं होतं. मी म्हटलं, माझी बॅग माणसाएवढीच आहे, तिला धरून दोघं.

काम असं: बाईंचे वडील कर्नल डॉक्टर अनंतकृष्णराव. महायुद्धात लष्करी डॉक्टर होते, नंतर आयुष्यभर याच घरात दवाखाना चालवला. त्यांचा स्मृतिग्रंथ काढायचा आहे. कागदपत्रांत तापाचे चार्ट आहेत आणि मोडीतल्या नोंदी आहेत. दोन्ही वाचू शकेल असं माणूस त्या वर्षभर शोधत होत्या. मी औषधशास्त्राची निवृत्त प्राध्यापक, आणि मोडी मला आजोबांनी मारून मुटकून शिकवलेली. असा प्राणी दुसरा सापडणं कठीणच होतं.

पितळी पेल्यातली कॉफी अप्रतिम. खोली हवेशीर. आज लवकर झोपणार.

१७ डिसेंबर, बुधवार

घर पाहिलं. पुढचा मोठा हॉल म्हणजे जुना दवाखाना. पाच लोखंडी खाटा, पांढऱ्या चादरी, प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी चार्ट अडकवायचा खिळा. कर्नलसाहेबांना जाऊन सव्वीस वर्षं झाली, तरी चादरी दर आठवड्याला बदलतात. टेबलावर काचेच्या पेल्यात कापसावर उभे केलेले पाच थर्मामीटर, पाऱ्याचे. आता असे मिळतही नाहीत. मी आपली हौसेनं एकेक झटकून पाहिला.

बरोबर चार वाजता बाई हॉलमध्ये आल्या, खिडक्या उघडल्या आणि पेल्यांतून कंजी, म्हणजे आपली तांदळाची पेज, आणून ठेवली. हे काय म्हणून विचारलं. अप्पांचा नेम, म्हणाल्या. ते असेतोवर रोज चारला या रिकाम्या खाटांमधून राऊंड घ्यायचे आणि प्रत्येक खाटेशी एक पेला ठेवायचे. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मुलीनं विचारलं नाही. संध्याकाळी ती कंजी तुळशीला जाते.

पेले सहा होते. सहावा टेबलावर वेगळा होता, तो माझा समजून मी प्यायले. मीठ जरा कमी होतं. बाई माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

एक पत्रही दाखवलं. इटलीहून आलेलं, सगळं आदबशीर इंग्रजीत. चव्वेचाळीस साली कर्नलसाहेब दख्खनेतल्या एका कैद्यांच्या छावणीत होते. तिथे इटालियन युद्धकैद्यांवर मलेरियाच्या औषधाचे प्रयोग झाले. धडधाकट माणसांना आजारी माणसाचं रक्त टोचायचं आणि मग काहींना नवं औषध, काहींना खडूच्या गोळ्या. युद्धानंतर चौकशी झाली. एका डॉक्टरला तुरुंग, दुसऱ्याची सनद गेली. कर्नलसाहेब निर्दोष सुटले, कारण त्यांच्या वॉर्डातले पाचही कैदी चार्टनुसार ठणठणीत होते आणि महिनाअखेर दुसऱ्या छावणीत गेले होते. आता त्या पाच जणांची नातवंडं विचारताहेत की आमचा माणूस कुठल्याच दुसऱ्या छावणीत पोचला नाही, तर तो गेला कधी, एवढं तरी सांगा.

उत्तर मीच लिहायचं आहे. चार्ट पाहून लिहीन.

१९ डिसेंबर, शुक्रवार

कालचं आणि आजचं एकदम लिहितेय. ही माझी जुनी खोड. रोजनिशी चार दिवस बंद ठेवायची आणि मग बसल्या जागी सगळे दिवस भरून टाकायचे. काल गोविंदपुरम्‌ला विठ्ठलाचं दर्शन घेतलं, तिथलं भजन ऐकून बरं वाटलं. आज चार्ट लावून घेतले.

एक गंमत. परवा मी थर्मामीटर झटकून खाली आणले होते. काल चारला पाहिलं तर पाचही १०४ वर. आधी वाटलं, उकाडा. पण बाहेर आत्ता कसाबसा २८ सेल्सियस, म्हणजे ८२ फॅरनहाइट. त्यानं या थर्मामीटरचा पारा जागचा हलणार नाही. काखेत धरल्याशिवाय तो चढत नाही आणि झटकल्याशिवाय उतरत नाही. पुन्हा झटकले. आज पाहिले, पुन्हा १०४. काच हाताला गरम लागली.

बाईंची चेष्टा असेल म्हणावं तर त्या चेष्टा करणाऱ्यांतल्या नाहीत.

२१ डिसेंबर, रविवार

चार्ट खोटे आहेत.

कळायला मिनिट लागलं. पाच माणसं, तीस दिवस, सकाळ-संध्याकाळच्या नोंदी. पहिले काही दिवस खरे आहेत. ताप चढतो, उतरतो, शाई बदलते, एका ठिकाणी कागदावर घामाचा डाग आहे. मग एका दिवसापासून पुढे सगळं एका हातानं, एका शाईत, एका तिरप्या लयीत: तापमान ९८.४, नाडी ७२, झोप शांत, तक्रार नाही. पुन्हा ९८.४, पुन्हा ७२. जिवंत माणसाची नाडी तीन आठवडे ७२ राहत नाही. खोकला आला तरी ती हलते.

इस्पितळात काम केलेल्या कुणालाही हे ओळखता येईल. बसल्या जागी चार्ट भरणं म्हणतात याला. रोग्याकडे न जाता, टेबलाशी चहा पीत, दहा दिवसांचे आकडे एकदम. आम्ही यावर हसायचो.

मी जरा जास्तच लवकर ओळखलं. आज एवढंच.

२३ डिसेंबर, मंगळवार

मोडीचा कागद सापडला. कागद कसला, त्या सालचं पंचांग. समासात मोडीत पाच नावं, प्रत्येकासमोर तिथी. पिएत्रो, ज्येष्ठ वद्य तृतीया. म्हणजे नऊ जून. आणि पिएत्रोचा चार्ट तीस जूनपर्यंत ७२ नाडीनं चालला आहे. बाकीचे चौघेही तसेच. मेलेल्या माणसांना हा गृहस्थ दिवसातून दोनदा नाडी देत होता.

आणि तरी तिथ्या लिहून ठेवल्या! कारण तर्पणाला नाव आणि तिथी खरी लागते. चौकशी मंडळापुढे खोटं बोलला, पण हातात तीळ-पाणी घेऊन खोटं बोलणं या ब्राह्मणाला जमलं नाही. आयुष्यभर त्यानं पाच परक्या माणसांची श्राद्धं गुपचूप केली असणार. पंचांगाच्या पानांवर पाण्याचे डाग आहेत, तीळ अजून चिकटलेले आहेत.

संध्याकाळी बाईंना सांगितलं. त्यांनी पदराचं टोक दुमडलं. मग म्हणाल्या, "अप्पांचें नांव राखा." ग्रंथाची बाकी पानं छापायला गेली आहेत, गोविंदपुरम्‌च्या मठात प्रकाशन ठरलं आहे, या गावात अप्पांना लोक देव मानतात. एवढं एक पत्र चार्टप्रमाणे लिहा, म्हणाल्या.

मी लिहिलं. पाचही जण चार्टनुसार सुस्थितीत रवाना, पुढील माहिती उपलब्ध नाही. खाली सही, डॉक्टर गायत्री, पदवीसकट. ईमेलनं गेलंसुद्धा.

हात नाही कापला माझा. त्याचीच लाज वाटतेय.

२४ डिसेंबर, बुधवार

चारला हॉलमध्ये गेले. जायला नको होतं.

खिडक्यांतून लख्ख ऊन आत आलेलं. इस्पितळी कार्बॉलिकचा वास. बाई पेले ठेवत होत्या. पहिल्या खाटेची चादर मध्यभागी दबलेली, कुणी बसल्यावर दबते तशी. मग दुसरी दबली. मी डोळ्यांनी पाहिलं. पाचही खाटांच्या स्प्रिंगा एकापाठोपाठ कुरकुरल्या आणि हॉल गप्प झाला. वॉर्डात राऊंडला मोठे डॉक्टर शिरले की रोगी गप्प होतात, तसा.

ते माझी वाट बघत होते. डॉक्टर आली, आता लिहील, अशी.

मी पळाले. बाई पळाल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की दिसत त्यांनाही काही नाही, पण लहानपणापासून खाटांची कुरकुर मोजून त्या पेले ठेवतात.

मी विचारलं, मग सहा का?

तुम्ही आलांत त्या दिवसापासून सहा आवाज येतात, म्हणाल्या. "तुम्हांसंगें आला तो." सहावा आवाज खाटेचा नसतो. लोखंडावर लोखंड घासल्याचा असतो.

मी त्याची कंजी प्यायले होते.

२६ डिसेंबर, शुक्रवार

काचेच्या पेल्यात आज सहा थर्मामीटर. सहाव्याला हिरवं टोपण, त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका. तो ठिपका मी लावला होता. एकोणनव्वद साली, वॉर्डातले थर्मामीटर चोरीला जायचे म्हणून.

लिहितेच आता. छत्तीस वर्षांत कुठेच लिहिलेलं नाही.

मी रेसिडेंट होते. सरांची तापाच्या नव्या औषधाची चाचणी चालू होती. रोगी कमी पडत होते म्हणून कैदी वॉर्डातले घेतले. कच्चे कैदी, बेडीनं खाटेला बांधलेले. अंगठे मीच घेतले. कशावर घेते आहे ते सांगितलं नाही. मलाही कुणी सांगायला सांगितलं नाही. चार नंबरच्या खाटेवरचा माणूस सतरा ऑगस्टला पहाटे गेला. रात्रभर बेडी खाटेवर आपटत होता, पाणी मागत होता. चाचणीत पुढचे पाच दिवस आकडे हवे होते, नाहीतर तो रोगी वाया, असं सर म्हणाले. मी टेबलाशी बसले. चहा घेतला. पाच दिवस भरले. तापमान ९८.४, नाडी ७२, झोप शांत, तक्रार नाही. सहाव्या दिवशी लिहिलं, घरी पाठवले.

निबंध छापून आला. माझं नाव तिसरं होतं. त्यावर नोकरी लागली, बढती मिळाली, शेवटी प्राध्यापक. विद्यार्थ्यांना नीतिशास्त्राचे तास घेतले मी! दर वर्षी त्या शिक्षा झालेल्या डॉक्टरांची उदाहरणं द्यायची. पोरं लिहून घ्यायची.

कर्नलला मी चार दिवस मनात नावं ठेवतेय. त्यानं निदान तिथी लिहून ठेवली.

२७ डिसेंबर, शनिवार

या वहीचं पुढचं पान सहज उलटलं.

३० डिसेंबर लिहिलेलं आहे. माझ्या अक्षरात, माझ्या निळ्या पेननं. तापमान ९८.४. नाडी ७२. झोप शांत. तक्रार नाही.

३१ पण. १, २, ३ जानेवारी पण. पाच दिवस, एका लयीत. ४ ला लिहिलंय, घरी पाठवले.

मी लिहिलेलं नाही हे.

असे आकडे कुणाचे असतात ते मला माहीत आहे.

२८ डिसेंबर, रविवार

ताप आहे. सकाळी १०२. थंडी वाजून दात आपटताहेत. इथल्या डॉक्टरकडे जाऊन आले, रक्त तपासलं, काही नाही म्हणाला.

बाईंना सगळं सांगितलं, माझंही. वाटलं होतं घराबाहेर काढतील. त्या उठल्या, पंचांग आणून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "लिहा. अप्पांचें काय होईल तें होवो." मग रडल्या. मठातलं प्रकाशन रद्द करायला त्यांनी स्वतः फोन केला. शेवटच्या आजारात अप्पा सारखे चार्ट मागत होते, कुणी डॉक्टर आणा म्हणत होते आणि बाईंनीच कागद कपाटात घालून कुलूप लावलं होतं, हेही सांगितलं.

दुपारी इटलीला दुसरं पत्र पाठवलं. पहिलं खोटं होतं, मी जाणूनबुजून लिहिलं होतं, असं कबूल केलं. पाच नावं, पाच तारखा, चार्ट आणि पंचांगाचे फोटो. मग चारला हॉलमध्ये बसले आणि प्रत्येक चार्टावर लाल शाईनं लिहिलं. पिएत्रो, मृत्यू ९ जून. नाव मोठ्यानं वाचायचं, मग तारीख. एकेका नावाला एकेक चादर वर आली, सपाट झाली. पाच थर्मामीटर गार.

बाई म्हणाल्या, गेले. दोघी रडलो. चहा केला.

मग हॉलमध्ये लोखंडावर लोखंड घासलं. एकदाच.

सहावा १०४ वर.

२९ डिसेंबर, सोमवार, सकाळ

१०३.

त्याचंही तसंच लिहायचं. बस एवढंच. खरी तारीख, खरं नाव. मग जाईल तो. पुढची पानं कोरी होतील. तारीख माहीत आहे मला. तारीख कशी विसरेन—

नाव.

जुन्या इस्पितळात फोन केला. एकोणनव्वदचे कागद रद्दीत गेले. तुरुंगाकडे चौकशी केली, खाट नंबरावरून काही सांगता येत नाही म्हणाले. बरोबरच्या एकीला फोन केला, डॉक्टर महालक्ष्मी, ती तेव्हा माझ्याच युनिटला होती. तिनं विचारलं, कोण चार नंबर? मग म्हणाली, आत्ता कशाला हे उकरतेस. फोन ठेवला.

सरांना जाऊन वीस वर्षं झाली.

निबंधात तो रोगी क्रमांक चार आहे.

दुपार

आठवतंय बरंच. डाव्या हाताला गोंदण, मारुती. पेज मागायचा. मीठ जास्त घाला बाई, म्हणायचा. मला बाई म्हणायचा, डॉक्टर नाही. मुलगी आहे म्हणाला होता. तिला कुणी सांगितलं असेल? घरी पाठवले लिहिलं मी. ती दारात वाट—

नाव सांगितलं होतं त्यानं. तीनदा. अंगठा घेताना, मग सुई देताना, मग त्या रात्री. मी मान खाली घालून आकडे लिहीत होते. म्हटलं, हो हो, चार नंबर ना.

बाई हॉलमध्ये पेला ठेवून आल्या. आज एकच. मीठ जास्त घालायला सांगितलं मी.

चार वाजायला आले

१०४.

बाई माझा हात धरून बसल्या आहेत. त्या म्हणताहेत नाव आठवा, नाव आठवा. अप्पांनी पाचांची नावं चार्ट भरायच्या आधीच विचारून ठेवली होती, म्हणून तर—

बेडीचा आवाज दारापर्यंत आला. हळू येतोय. घाई नाही त्याला. रोगी डॉक्टरला घाई करत नाही.

पायथ्याशी उभा आहे. दिसत नाही, पण खाट दबली माझी.

लिहिते हं. लिहिते, थांब. तूच सांग ना, चौथ्यांदा सांग. आता ऐकते. खरंच वर बघतेय मी—

बोलत नाही.

खाट क्रमांक ४. मृत्यू, १७ ऑगस्ट १९८९, पहाटे. चार्टमधल्या पुढच्या सर्व नोंदी खोट्या. मला माहीत होतं. मी लिहिल्या. मी, डॉक्टर गायत्री.

रोग्याचं नाव —